ऑर्लँडोला ‘कारणे दाखवा’ नोटीस

गेल्या वर्षी आमच्या विभागातून पदव्युत्तर वर्गाच्या एका लघुप्रबंधाचा आराखडा वर गेला आणि दोन महिन्यांनी परत आला. परत येण्यात नवल नव्हते. आराखडे परत येण्यासाठीच जात असावेत, असा आमचा पंधरा-वीस वर्षांचा अनुभव आहे. नवल होते ते समासातल्या शेऱ्यांचे. विषय होता देहपालट आणि लिंगपालट यांचे कथन : ‘लीळाचरित्र’, संत बहिणाबाईंचे पूर्वजन्मांचे अभंग आणि व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘ऑर्लँडो’ ही कादंबरी. शेरा असा की, कल्पित आणि अद्भुत साहित्याऐवजी तृतीयपंथीयांच्या प्रत्यक्ष जीवनावरील आत्मकथने घ्यावीत, म्हणजे विषयाला ‘सामाजिक वास्तवाचा आधार’ मिळेल. त्याखाली, वेगळ्या हस्ताक्षरात : ‘विषयनिवडीचे कारण स्पष्ट करावे.’ आणि कागदावर न आलेला, पण छाननीच्या खोलीबाहेर चहा घेताना तोंडी सांगितला गेलेला तिसरा शेरा असा, की असा विषय घ्यायला त्या विद्यार्थ्याचे काही वैयक्तिक कारण आहे काय, याची एकदा विभागाने खातरजमा करावी.

ज्ञानेश्वरीवर लघुप्रबंध लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, तुझे वैयक्तिक कारण काय. ग्रामीण कादंबरी घेणाऱ्याकडून सातबारा मागत नाहीत. येथे मात्र मागितला. हा लेख त्या समितीविरुद्ध नाही. ती माणसे वाईट नाहीत, आणि त्यांच्या जागी आम्हीही कधी ना कधी बसलो आहोत. हा लेख त्या एका शब्दाविरुद्ध आहे : कारण. आमचे म्हणणे असे की मराठी समीक्षेने गेली सव्वाशे वर्षे कादंबरीकडे केवळ कारण मागितले. आणि ज्या माणसांकडे देण्यासारखे कारण नाही, फक्त असणे आहे, त्यांना त्यामुळे आपल्या कादंबरीत एकतर प्रवेशच मिळाला नाही, किंवा मिळाला तो रुग्ण म्हणून, समस्या म्हणून आणि पुष्कळदा प्रेत म्हणून.

प्रथम ‘ऑर्लँडो’विषयी, कारण तिचे नाव घेणारे पुष्कळ आणि वाचणारे थोडे. ११ ऑक्टोबर १९२८ रोजी ती प्रसिद्ध झाली, आणि कादंबरीतला शेवटचा दिवसही तोच. मुखपृष्ठावर वुल्फबाईंनी तिला ‘चरित्र’ म्हटले, त्यामुळे पुस्तकविक्रेत्यांनी ती चरित्रांच्या फळीवर नेऊन ठेवली आणि बाईंना खपाची काळजी लागली. नायक पहिल्या एलिझाबेथच्या काळातला सोळा वर्षांचा उमराव. तो राणीचा लाडका होतो, गोठलेल्या टेम्स नदीवर एका रशियन मुलीच्या प्रेमात पडून फसतो, कविता लिहितो, त्या कवितांची टर उडवली जाते, आणि शेवटी वैतागून राजदूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलला जातो. तेथे एका रात्री झोपतो तो सात दिवस उठतच नाही. उठतो तेव्हा ती स्त्री असते. (या वाक्यातले क्रियापद पाहा, त्याच्याकडे आम्ही पुढे येणार आहोत.) आरशात पाहते, फारशी विचलित होत नाही, आणि स्नानाला निघून जाते. पुढे साडेतीन शतकांत तिचे वय जेमतेम वीस वर्षांनी वाढते. कादंबरी संपते तेव्हा ती छत्तीस वर्षांची आहे, मोटार चालवते आहे आणि पहिल्या प्रकरणात सुरू केलेली कविता तिने एव्हाना पुरी केलेली आहे.

झोपेतून उठण्याच्या त्या प्रसंगी चरित्रकार काय करतो, हे फार महत्त्वाचे आहे. तो कारण देत नाही. शाप नाही, उःशाप नाही, औषधी नाही, बालपणीचा आघात नाही. शास्त्रज्ञांनी आणि मानसतज्ज्ञांनी काय वाद घालायचा तो घालावा, अशा अर्थाचे एक वाक्य टाकून तो मोकळा होतो : तिसाव्या वर्षापर्यंत ऑर्लँडो पुरुष होता, नंतर स्त्री झाली, पुढे स्त्रीच राहिली, आणि व्यक्ती म्हणून तीच राहिली. चेहरा तोच, आठवणी त्याच. कारण मागण्याचे काम कादंबरीत दुसरेच कोणी करते. ते करते न्यायालय.

हा भाग आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा जे घडते ते कोणत्याही समीक्षाग्रंथात सापडणार नाही. ऑर्लँडो इंग्लंडला परतते तर दारातच दाव्यांचे कागद : एक म्हणजे ती मरण पावली आहे, म्हणून मालमत्ता धारण करू शकत नाही, दुसरे म्हणजे ती स्त्री आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जवळपास तेच, तिसरे म्हणजे पुरुष असताना तिने एका नर्तकीशी लग्न केले आणि त्या संबंधातून झालेली तीन मुले आता इस्टेट मागत आहेत. मुंबईतल्या एखाद्या जुन्या महाविद्यालयात येथे सौम्य स्मित उमटत असेल. आमच्याकडे वर्ग हसतो, आणि मग मागच्या दोन बाकांवर एकदम शांतता पसरते. कारण आमचे निम्मे विद्यार्थी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि उरण-पनवेलकडच्या गावांतले आहेत. १९७० साली सिडको स्थापन झाली, भातखाचरे आणि मिठागरे संपादित झाली, पुढे साडेबारा टक्के योजनेतले भूखंड आले, आणि भूखंडाबरोबर घरोघरी वारसनोंदी, दावे आणि हक्कसोडपत्रे आली. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची असते, म्हणजे तिचे माहेर शाबूत राहते, हे त्यांना ठाऊक आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली झाली, हेही त्यांना ठाऊक आहे. आणि त्या दोहोंमधले अंतर तर पाठच आहे. मृत असणे आणि स्त्री असणे यांत कायद्याने फारसा फरक केला नाही, हा वुल्फबाईंचा विनोद एका आगरी मुलीने कोणाच्याही मदतीवाचून समजून घेतला आणि म्हणाली, “मॅडम, हे तर आमच्या आत्याचंच.”

तर ‘सामाजिक वास्तवाचा आधार’ तो हा. अद्भुताच्या आत तो गच्च भरलेला आहे. ज्या मैत्रिणीला ही कादंबरी अर्पण केली, त्या व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांचे नोल येथले वाडवडिलांचे घर १९२८ सालीच, वडिलांच्या मृत्यूनंतर, केवळ मुलगी म्हणून त्यांच्या हातून गेले आणि चुलत्याकडे गेले. वुल्फबाईंनी ते घर कादंबरीत परत मिळवून दिले. हे वास्तववादी कादंबरीला जमले नसते. वास्तववादी कादंबरीला घर गेल्याचे दुःख तेवढे लिहिता आले असते.

आता आपल्याकडे येऊ. मराठी कादंबरीचा जो इतिहास आपण सगळे नेट-सेटसाठी पाठ करतो, त्याचे कथानक एका ओळीचे आहे : कादंबरी लहान होती तेव्हा अद्भुत होती, मोठी झाली तेव्हा वास्तव झाली. १८६१ची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ची ‘मंजुघोषा’ ही बाळपणीची दुखणी, आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही प्रौढता. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीच, म्हणजे या ‘बाळपणा’च्याही आधी, विधवांचे वास्तव सांगून गेली होती, ही अडचण इतिहासकार अपवाद म्हणून बाजूला सारतात. हरिभाऊंचे मोठेपण आम्हाला मान्य आहे, ते नाकारणारे आम्ही कोण? पण त्या कथानकाने आपल्या वाचनाला एक सवय लावली. पात्र जसे आहे तसे का आहे, याचा हिशेब लेखकाने दिलाच पाहिजे, ही ती सवय. तरुण विधवा दुःखी आहे, कारण रूढी; तरुण बंडखोर आहे, कारण शिक्षण आणि बेकारी. कारण बरोबर लागले की कादंबरी ‘समर्थ’. ज्यांना ही चौकट मान्य नव्हती त्यांचे काय झाले? कमल देसाई यांची ‘हॅट घालणारी बाई’ सत्तरच्या दशकात आली आणि तेव्हापासून आजतागायत ‘दुर्बोध’ या एका शब्दाच्या पेटीत बंद आहे.

या सवयीने लिंगभावाच्या प्रश्नाचे काय केले, हे ‘मित्राची गोष्ट’मध्ये स्पष्ट दिसते. तेंडुलकरांचे हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा देव उभी केली. त्या काळात हे नाटक लिहिणे हे धैर्य होते, यात शंका नाही. पण आज वर्गात वाचताना जाणवते ते असे, की मित्राला पहिल्यापासून स्वतःचा खुलासा देत राहावे लागते : मित्राला, समाजाला, प्रेक्षकाला. खुलासा पुरत नाही, आणि शेवटी आत्महत्या. वास्तववादाच्या न्यायालयात ज्याला कारण सिद्ध करता येत नाही त्याला शिक्षा होते, आणि प्रेक्षक हळहळत घरी जातो. ही हळहळ खरी असते. म्हणूनच ती आम्हाला जास्त भीतिदायक वाटते. सचिन कुंडलकर यांनी २००६ साली ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये तनयच्या प्रेमाला कारण द्यायचे नाकारले, तेव्हा मराठी कादंबरीत काहीतरी सुटल्यासारखे झाले होते. त्यावर लिहिले गेले ते मात्र बहुतेक ‘विषयाच्या धाडसा’वर, कारण न देण्याच्या धाडसावर फारसे नाही.

येथे आमच्यापैकीच एकीचा आक्षेप नोंदवला पाहिजे, कारण तो लेखभर आमच्या डोक्यावर बसून होता. तिचे माहेर गडहिंग्लजकडचे. ती म्हणते, राजन गवसांची ‘भंडारभोग’ घ्या. त्यात केसांत जट आली म्हणून देवीला सोडलेला, लुगडे नेसवलेला जोगता आहे. त्याच्या देहावर बाईपण समाज लादतो, हातात परडी देतो, आणि मग त्याच बाईपणासाठी त्याची विटंबना करतो. ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ यांच्यावर आधारलेला ‘जोगवा’ २००९ साली आला तेव्हा शहरी प्रेक्षकाने प्रथमच ते पाहिले. या माणसाला तुमच्या ऑर्लँडोचे ‘उठली आणि स्नानाला गेली’ हे सांगायला जाल काय? ऑर्लँडोच्या घरात तीनशे पासष्ट शयनगृहे आहेत. जोगत्याकडे परडी आहे.

हा आक्षेप खोडून काढण्याचा आम्ही प्रयत्न केला आणि सोडून दिला, कारण तो खोडता येण्यासारखा नाही. उलट ती आणखी पुढे जाते : ‘ऑर्लँडो’च्या पहिल्याच पानावर हा कोवळा नायक छपराला टांगलेल्या एका आफ्रिकी माणसाच्या मुंडक्यावर तलवारीचे हात करत असतो, आणि वुल्फबाईंना त्याचे फारसे काही वाटत नाही, पुढचे भटके लोकही चित्रातल्या देखाव्यासारखे येतात. हे खरे आहे. ही कादंबरी उमरावाची आहे आणि तिचे स्वातंत्र्य उमरावाच्या खर्चाने चालते. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? गवसांच्या जोगत्याला त्याचे कारण समाजाने दिले, त्याला न विचारता दिले, आणि गवसांची कादंबरी त्या कारणाचा पंचनामा करते. तो पंचनामा आवश्यकच होता. आमची तक्रार पंचनाम्याविषयी नाही. पंचनामा हाच एकमेव साहित्यप्रकार आहे असे मानण्याविषयी आहे. उमरावालाच तेवढी कारणाशिवाय झोपेतून उठण्याची मुभा आणि गरिबाने मात्र कायम जबानी द्यायची, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

एवढे वाचल्यावर दुसरी फळी पुढे सरसावेल, हे आम्हाला माहीत आहे. प्रत्येक चर्चासत्रात ती असते. पहिली फळी म्हणते, हे पाश्चात्त्य खूळ आहे. दुसरी म्हणते, छे छे, आपल्याकडे हे सगळे होतेच : अर्धनारीनटेश्वर आहे, बृहन्नडा आहे, शिखंडी आहे, आणि बालगंधर्व तर आहेतच. मग टाळ्या होतात आणि भोजनाची वेळ होते. या दुसऱ्या फळीचा आम्हाला पहिलीपेक्षा जास्त राग येतो, कारण ती आपली वाटते.

बालगंधर्वांचे उदाहरण तर आता इतके गुळगुळीत झाले आहे की ते कशाचे उदाहरण आहे हेच कोणी पाहत नाही. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी नारायणरावांची मुलगी गेली होती, आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. महाराष्ट्रातल्या घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या नेसण्याची, अंबाड्याची, दागिन्यांची नक्कल केली. हे सगळे खरे. पण ते पूज्य ठरले ते पडदा पडल्यावर पुन्हा नारायण श्रीपाद राजहंस होत असल्यामुळे. रात्रीचे बाईपण सकाळी उतरत होते, हीच त्या कौतुकाची अट होती. त्याच महाराष्ट्राने गणपत पाटील यांना तमाशापटांतला नाच्या म्हणून डोक्यावर घेतले आणि पडद्याबाहेर त्यांची आयुष्यभर कुचेष्टा केली, कारण त्यांच्या बाबतीत प्रेक्षकांना ती अट पाळली जात असल्याची खात्री वाटत नव्हती. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधल्या गुणाची शोकांतिकाही याच फटीत घडते. म्हणजे ‘आपल्याकडे होतेच’ याचा अर्थ एवढाच, की आपल्याकडे सोंग चालत होते. सोंग न करणाऱ्याचे काय, हा प्रश्न बालगंधर्वांची तसबीर दाखवून सुटत नाही.

या दुसऱ्या फळीचे आवडते हत्यार म्हणजे ‘रूपक’. ज्ञानदेवांच्या विरहिणी आणि पुढल्या संतांच्या गौळणी यांत पुरुष कवी स्त्री होऊन बोलतात. क्रियापदे स्त्रीलिंगी, साज स्त्रीचा, तळमळ स्त्रीच्या देहाची. सातशे वर्षे हे चालू आहे आणि वारीत पुरुष ते मोकळ्या गळ्याने गातात. आपण वर्गात काय सांगतो? जीव ही स्त्री, शिव हा पुरुष, रूपक समजून घ्या, परीक्षेत पाच गुणांना येते. रूपक आहेच, नाही कोण म्हणतो! पण रूपक म्हणजे काही खालच्या वस्तूवर टाकलेले झाकण नव्हे. ‘ऑर्लँडो’त नायक उठण्यापूर्वी पावित्र्य, शुचिता आणि विनय अशा तीन बायका येऊन त्याच्यावर वस्त्र टाकू पाहतात आणि त्यांना हाकलून द्यावे लागते. आमच्या मते त्यांच्याबरोबर चौथी एक होती, तिचे नाव रूपक, आणि ती मराठी विभागात नोकरीला लागली.

आता त्या विद्यार्थ्याच्या विषयातले इतर दोन ग्रंथ. समितीला त्यांचा ‘ऑर्लँडो’शी संबंध दिसला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मराठीचा आद्य गद्य ग्रंथ आपण ज्याला म्हणतो त्या म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’चा आरंभच मुळी एका देहपालटाने होतो. द्वारावतीचे चांगदेव राऊळ देह ठेवतात, आणि त्याच वेळी गुजरातेत भडोचला प्रधानपुत्र हरपाळदेव मरण पावलेला असतो. त्याला स्मशानात नेलेले असताना ते त्या देहात प्रवेश करतात. प्रेत उठते. घरी बायको आहे, द्यूत आहे, देणी आहेत. पुढे हाच देह रामटेकची यात्रा म्हणून निघतो आणि ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंना भेटून चक्रधर होतो. येथे लिंग बदलत नाही, हे आम्हाला कळते. पण माणूस म्हणजे त्याचा देह नव्हे, आणि तरी देहाचे व्यवहार चुकत नाहीत, हे मराठी गद्याने आपल्या पहिल्या पानांत मांडले, आणि तेही निर्विकारपणे, जणू कोणी गावाला जाऊन आले. त्याच ग्रंथातले चक्रधर स्त्रीच्या विटाळाला शरीराच्या इतर मळांहून वेगळे मानत नाहीत, आणि ऋद्धिपूरचे लोक गोविंदप्रभूंना एकाच वेळी आई आणि बाप म्हणतात.

बहिणाबाई (१६२८–१७००) आणखी वेगळ्या. देवगावात जन्म, कोवळ्या वयात बिजवराशी लग्न, नवऱ्याचा मार, स्वप्नात तुकोबांचा उपदेश. शेवटी मुलाला जवळ घेऊन त्या आपले मागचे बारा जन्म अभंगांतून सांगतात, हा तेरावा. कूळ, गाव, अभ्यास, मृत्यू यांची नोंद, वहीखाते लिहावे तशी. याच बाई दुसरीकडे स्त्रीदेहामुळे वेद बंद झाले म्हणून विलाप करतात. बारा जन्म लक्षात असलेल्या व्यक्तीला तेराव्या जन्मातल्या एका देहाच्या नियमांनी दार बंद करावे, यातला उपहास वुल्फबाईंना लगेच समजला असता. आपण मात्र हे अभंग ‘पुनर्जन्मावरील श्रद्धा’ या उपशीर्षकाखाली गुंडाळून पुढे जातो. दूर कशाला, २००८ साली मुंबईतच राहणाऱ्या देवदत्त पट्टनायक यांनी महाभारतातल्या युवनाश्वावर, म्हणजे स्वतःच्या पोटी पुत्र धारण करणाऱ्या राजावर, आख्खी कादंबरी लिहिली. ती इंग्रजीत लिहिली गेली याचे आम्हाला दुःख नाही. मराठी विभागांत तिच्यावर चार वाक्ये झालेली आमच्या कानावर नाहीत, याचे आहे.

आणि आता व्याकरण. या लेखाचे खरे निमित्त तेच आहे.

इंग्रजीत ऑर्लँडोच्या लिंगपालटाला एक सर्वनाम बदलले की पुरते. मराठीत तेवढ्याने भागत नाही. तो उठला, ती उठली. तो उंच होता, ती उंच होती. वाक्याच्या अंगावर लिंगाचे दागिने जागोजागी. झोपणारा तो आणि उठणारी ती यांना एका वाक्यात आणायचे तर क्रियापदाला मध्येच पालटावे लागते, आणि अनुवादकाला पळवाट नाही. शिवाय मराठीत ‘मी’सुद्धा सुटत नाही : मी आलो, मी आले, मी बोलतो, मी बोलते. इंग्रजीत माणूस जन्मभर स्वतःविषयी बोलला तरी त्याचे लिंग वाक्यात दिसणार नाही. मराठीत तोंड उघडले की प्रमाणपत्र दाखवावे लागते. (गडहिंग्लजच्या आमच्या सहकारी येथे आठवण करून देतात की त्यांची आजी, त्या बाजूच्या बायकांच्या रीतीप्रमाणे, जन्मभर ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असेच म्हणत आली, प्रमाणभाषेच्या पुस्तकांनी तिला काय कारण विचारले असते?)

पण भाषा जितकी बंदिस्त दिसते तितकी नसते. तिच्यात मागची दारे आहेत, आणि ती आम्हाला व्याकरणाच्या पुस्तकाने नव्हे, त्या विद्यार्थ्याने दाखवली. आता येथे ‘विद्यार्थी’ हा शब्द आम्ही वापरला तो हजेरीपटावर तसा आहे म्हणून. त्या व्यक्तीने स्वतःविषयी आम्हाला काही सांगितलेले नाही, आणि आम्हीही विचारलेले नाही. हे सगळे लिहिण्यापूर्वी मात्र परवानगी घेतली. दोन सत्रे उलटल्यावर आमच्यापैकी एकाच्या लक्षात आले की हा विद्यार्थी वर्गात भरपूर बोलतो, आणि ‘मी’ला लागणारे लिंगदर्शक क्रियापद एकदाही उच्चारत नाही. ‘मला वाटतं’. ‘मी वाचलं’, कारण सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माचे ऐकते, कर्त्याचे नाही. ‘मी उद्या आणीन’, कारण भविष्यकाळ मराठीत लिंग विचारत नाही. ‘मी येत नाही’. आणि ‘मी विसरलो’ की ‘मी विसरले’ ही वेळ आली तर ‘माझ्याकडून राहून गेलं’. उशीर झाला तर ‘गाडी चुकली, सर’. हार्बर मार्गावर राहणाऱ्याला हे वाक्य कधीही उपलब्ध असते. लक्षात येईपर्यंत आम्ही दोन सत्रे त्या मराठीला केवळ ‘नेटके मराठी’ समजत होतो. वर्णनात्मक व्याकरण शिकवणारे आम्ही, आणि समोर एक माणूस रोज कर्मणी आणि भावे प्रयोगांच्या आधाराने तोल सांभाळत तारेवरून चालतो आहे, हे आम्हाला दिसले नाही.

हा लेख ‘आम्ही’ने लिहिला आहे तो आम्ही अनेक आहोत म्हणून, पण लिहिताना पहिल्यांदा जाणवले की ‘आम्ही आलो’ या वाक्यात कोण पुरुष, कोण बाई, हे मराठी विचारत नाही. एकट्या माणसाला ही सवलत नाही. घोळक्याला आहे, आणि पूर्वी राजाला होती.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४च्या निकालात म्हटले होते की आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याचा. पाच वर्षांनी, २०१९ साली, कायदा आला आणि त्याने जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून प्रमाणपत्र घेण्याची तरतूद ठेवली. निकालाकडून अर्जाकडे झालेला हा प्रवास आम्हाला ओळखीचा वाटतो. आमच्या समीक्षेने तो फार आधी केला होता. ऑर्लँडोच्या दाव्याचा निकाल एकोणिसाव्या शतकात लागतो, ती निर्विवादपणे स्त्री असल्याचे न्यायालय जाहीर करते, आणि तोवर इस्टेट दाव्याच्या खर्चात बरीचशी संपलेली असते. तिला त्या निकालात विशेष रस नसतो. ती तोवर आपल्या कवितेकडे वळलेली असते.

आराखडा दुसऱ्यांदा पाठवायचा होता. आम्ही विभागाच्या वतीने दोन पानांचे समर्थन तयार केले होते. त्यात चक्रधर होते, बहिणाबाई होत्या, नोलचे घर होते, अगदी हक्कसोडपत्रही होते. विद्यार्थ्याने ते वाचले आणि म्हटले, “सर, हे छान आहे, पण लघुप्रबंधातच येऊ दे. तिथे जागा लागेल.” मग ‘विषयनिवडीचे कारण’ या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले : ‘मला हे वाचायचे आहे.’ आणि खाली सही केली.

आराखडा अजून परत आलेला नाही.